धावपट्टीचे पाठभेद

‘पाठभेद’ हा शब्द उच्चारला की मराठीच्या विद्यार्थ्यापुढे पोथ्या, बोरू आणि लेखनिक उभे राहतात. एका ग्रंथाच्या दोन प्रती एकमेकींशी जुळत नसतील तर कोणती प्रमाण मानावी, दुरुस्ती करायची ती कशाच्या आधारे, आणि केलेल्या दुरुस्तीची नोंद कोठे ठेवावी, हे पाठचिकित्सेचे तीन मूलभूत प्रश्न होत. हे प्रश्न मध्ययुगाबरोबर संपले अशी आपली एक समजूत असते. प्रत्यक्षात ते आजही विचारले जातात, आणि तेही अशा क्षेत्रात, जेथे साहित्याचा विद्यार्थी सहसा फिरकत नाही.

घरच्या संगणकावर विमान उडवण्याचा अनुभव देणाऱ्या फ्लाइट सिम्युलेटरचे जगभर असंख्य उपासक आहेत. त्यांच्यातील हौशी मंडळी उड्डाणापूर्वी नियोजनाचे एक स्वतंत्र सॉफ्टवेअर वापरतात. कोठून निघायचे, कोणत्या वाटेने जायचे, कोणत्या धावपट्टीवर उतरायचे, हे सारे ते आखून देते. आता समजा, लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर जायचे आहे. नियोजनाचे सॉफ्टवेअर सांगते, धावपट्टी ०४ वर उतरा. सिम्युलेटरमधील विमानतळावर मात्र ०५ हा आकडा रंगवलेला असतो. ०४ साठी आखलेला उतरण्याचा मार्ग सिम्युलेटर नाकारतो, कारण त्याच्या लेखी त्या नावाची धावपट्टीच अस्तित्वात नाही. वापरकर्ता म्हणतो, माहिती चुकली. पण कोणाची? येथूनच पाठचिकित्सा सुरू होते.

प्रथम हा आकडा म्हणजे काय ते पाहू. धावपट्टीचा क्रमांक हा घराच्या क्रमांकासारखा नसतो, तो दिशा सांगतो. धावपट्टी चुंबकीय उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते मोजायचे, जवळच्या दहाच्या पटीत आणायचे आणि शेवटचे शून्य गाळायचे. ९० अंशांची धावपट्टी ०९ होते. तिचेच दुसरे टोक २७, म्हणजे अठराने अधिक. मुंबईच्या मुख्य धावपट्टीची हीच दोन टोके आहेत. एका दिशेच्या दोन समांतर धावपट्ट्या असतील तर डावी-उजवी सांगणारे अक्षर पुढे जोडले जाते.

या पद्धतीत एक अस्थिर घटक दडलेला आहे. होकायंत्राची सुई ज्या चुंबकीय ध्रुवाकडे बोट दाखवते, तो जागेवर नसतो. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोहाच्या हालचालींमुळे तो सरकत राहतो. धावपट्टी जिथल्या तिथे राहते, पण तिचे नाव ज्या सुईवरून पडले ती सुई हलते. स्टॅनस्टेडची ०५/२३ ही धावपट्टी २००९ साली ०४/२२ झाली ती याच कारणाने. फ्लोरिडातील टँपा विमानतळाने २०११ च्या जानेवारीत मुख्य धावपट्टी बंद ठेवून आकडे पुन्हा रंगवले: १८ ची १९ झाली. जिनिव्हाच्या ०५/२३ चे २०१८ साली ०४/२२ झाले. यांपैकी कोठेही कोणी काँक्रीट उखडून पट्टी वळवली नव्हती. वस्तू तीच राहिली आणि तिचे वाचन बदलले. म्हणून ‘०५’ आणि ‘०४’ यांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे, असे म्हणता येत नाही. २००९ पूर्वीच्या प्रतीत ०५ हा शुद्ध पाठ आहे आणि नंतरच्या प्रतीत ०४. चूक उद्भवते ती दोन काळांच्या प्रती एकाच टेबलावर उघडल्यामुळे.

अशा प्रतींची परंपरा कशी निर्माण झाली याचा इतिहासही रंजक आहे. विमानवाहतुकीच्या प्रारंभीच्या काळात वैमानिकांजवळ आजच्यासारखे नकाशे नव्हते. १९३० च्या सुमारास अमेरिकेत टपालाची विमाने चालवणाऱ्या एल्रे जेप्सन या तरुणाने दहा सेंटांची एक वही विकत घेतली आणि तीत तो स्वतःच्या उपयोगासाठी टिपणे लिहू लागला. कोणत्या मैदानाची लांबी किती, उतार कोणीकडे, आसपास टाक्या आणि तारा कोठे आहेत, हवामान विचारायचे तर कोणत्या शेतकऱ्याला दूरध्वनी करायचा, असे त्या टिपणांचे स्वरूप होते. इतर वैमानिक वही मागू लागले, तिच्या प्रती निघू लागल्या, आणि १९३४ साली त्यातून एक व्यवसायच उभा राहिला. पुढे जगभरच्या वैमानिकांच्या पिशवीत त्याच्या नावाचे नकाशे दिसू लागले. एकाची खाजगी वही सर्वांचा प्रमाणग्रंथ होते तेव्हा काय घडते, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगायला नको. नकला वाढतात, आणि नकलांबरोबर तफावतीही.

तफावतींवर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९६४ पासून एक शिस्त लावली. ‘एरॅक’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. विमानतळ, धावपट्ट्या, दिशादर्शक केंद्रे यांतील महत्त्वाचे बदल मनाला येईल त्या दिवशी अमलात आणायचे नाहीत. दर २८ दिवसांनी येणाऱ्या ठरावीक गुरुवारीच ते लागू करायचे आणि त्यांची वार्ता पुरेशी आधी पोहोचवायची. उद्देश इतकाच की सर्व देशांतील सर्व वैमानिकांनी एकाच दिवशी जुने पान काढून नवे घालावे. पुढे विमानांत संगणक आले, तेव्हा हीच माहिती यंत्राला वाचता यावी म्हणून १९७५ साली ‘एरिंक ४२४’ हा नोंदलेखनाचा नमुना प्रसिद्ध झाला. एका ओळीत किती अक्षरे, कितव्या स्थानापासून अक्षांश, कितव्या स्थानापासून धावपट्टीचा क्रमांक, हे सारे त्यात बांधून दिलेले असते. लेखनिकाच्या जागी आता यंत्र आले. पण लेखनिकाचे दोष त्याच्याबरोबर निवृत्त झाले नाहीत.

याच सुमारास घरगुती सिम्युलेटरचा जन्म झाला. ब्रूस आर्टविक या अभियंत्याच्या सबलॉजिक कंपनीने १९८० च्या आरंभी ॲपल टू संगणकासाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आणला. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याची आयबीएमच्या संगणकांसाठी आवृत्ती काढली. तीत आणि पुढच्या कित्येक आवृत्त्यांत विमान सुरुवातीला ज्या धावपट्टीवर उभे असे, ती शिकागो शहरात मिशिगन सरोवराच्या काठी होती. त्या छोट्या विमानतळाचे नाव मेग्ज फील्ड. लक्षावधी लोकांनी आयुष्यातील पहिले ‘उड्डाण’ तेथून केले. त्यांतील बहुतेकांनी शिकागो कधी पाहिलेही नसेल.

३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशाने बुलडोझर मेग्जवर गेले आणि त्यांनी धावपट्टीत फुलीच्या आकाराचे प्रचंड खड्डे खणले. तेथे उभी असलेली विमाने अडकून पडली. विमानतळ कायमचा बंद झाला आणि पुढे त्या जागी उद्यान झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये बाजारात आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २००४’ मध्ये मात्र मेग्जची धावपट्टी शाबूत होती. २००६ च्या आवृत्तीतून ती नाहीशी झाली. म्हणजे जगातील धावपट्टी एका रात्रीत गेली, तर प्रतीतील धावपट्टी तीन वर्षे टिकली. अनेकांनी तर नव्या आवृत्त्यांतही ती पुन्हा बसवून घेतली. पाठचिकित्सेच्या भाषेत हा प्रक्षेप म्हणावा की हरवलेल्या पाठाचा जीर्णोद्धार? हा प्रश्न वाटतो तितका थट्टेचा नाही. जुन्या तबकडीवरील मेग्ज हा त्या विमानतळाचा एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. आजच्या शिकागोचा नकाशा म्हणून वाचला, तर मात्र तोच चुकीचा ठरतो.

सिम्युलेटरमधील धावपट्ट्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे. २००६ ची आवृत्ती ती तयार झाली त्या काळापाशी थांबलेली आहे. २००९ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने ती घडवणारा विभागच बंद केला. बेंगळुरूचा देवनहळ्ळी येथील विमानतळ आणि हैदराबादचा शमशाबादचा विमानतळ २००८ साली सुरू झाले. गोव्याचा मोपा २०२३ च्या जानेवारीत आणि नवी मुंबईचा २०२५ च्या डिसेंबरमध्ये. जुन्या प्रतीत यांचा शोध घेणे म्हणजे सतराव्या शतकातील बखरीत रेल्वे शोधण्यासारखे आहे. याउलट नियोजनाचे सॉफ्टवेअर दर २८ दिवसांनी ताजी माहिती घेऊ शकते. एक प्रत गोठलेली, दुसरी वाहती, आणि वापरकर्ता दोन्ही एकत्र वाचू पाहतो.

मग उपाय काय? अनुभवी मंडळी ज्या क्रमाने तपास करतात, तो क्रम पाठनिश्चितीच्या पद्धतीशी इतका जुळतो की तो येथे सविस्तर मांडणे उचित वाटते.

पहिली पायरी प्रत ओळखण्याची. नियोजनाचे सॉफ्टवेअर धावपट्टीची माहिती कोठून वाचते? काही सॉफ्टवेअरे स्वतःचा माहितीसंच बरोबर बाळगतात, तर काही सिम्युलेटरच्याच फायली चाळून आपली सूची तयार करतात. ‘लिटल नॅव्हमॅप’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर विमानतळ सिम्युलेटरमधून आणि दिशादर्शक केंद्रे व मार्ग बाहेरच्या ताज्या संचातून, अशी संमिश्र प्रतही करता येते. आपल्यापुढे कोणती प्रत आहे हे ठाऊक नसताना आकडा बदलणे म्हणजे पोथीचे मुखपृष्ठ न पाहता आत खाडाखोड करणे होय.

दुसरी पायरी काळ ठरवण्याची. सिम्युलेटरची आवृत्ती कोणत्या वर्षाची, माहितीसंच कोणत्या चक्राचा, हे पाहायचे. फरक एकाच अंकाचा असेल, म्हणजे ०५ विरुद्ध ०४ किंवा १८ विरुद्ध १९, तर बहुधा सुई सरकली आहे. फरक मोठा असेल, तर धावपट्टीच नवी बांधली गेली असावी किंवा एखादी बंद झाली असावी. आणखी एक बारकावा आहे. जुन्या सिम्युलेटरमध्ये धावपट्टीची दिशा भौगोलिक उत्तरेपासून मोजून ठेवलेली असते आणि चुंबकीय उत्तरेचा फरक एका वेगळ्या तक्त्यात असतो. तो तक्ताही त्या त्या काळात गोठलेला असतो. त्यामुळे क्रमांक जुळूनही दिशा दोन-तीन अंशांनी हुकू शकते. अशा वेळी धावपट्टीला हात न लावता तक्ता बदलायचा असतो. जगासाठी वापरले जाणारे चुंबकीय प्रतिमान साधारणतः दर पाच वर्षांनी नवे काढतात. ध्रुवाच्या वेगामुळे २०१९ साली मात्र ते मुदतीपूर्वीच सुधारावे लागले होते.

तिसरी पायरी प्रक्षेप शोधण्याची. वापरकर्ते एखाद्या विमानतळाची अधिक सुबक आवृत्ती बाहेरून आणून बसवतात. तेव्हा एकाच विमानतळाच्या दोन फायली संगणकात नांदू लागतात. सिम्युलेटर त्यांना थरांप्रमाणे वाचतो आणि वरच्या थराला मान देतो. नियोजनाच्या सॉफ्टवेअरने जर जुनी सूची जपून ठेवली असेल, तर ते खालचा थर खरा धरून बसते. नवीन विमानतळ बसवल्यावर सूची पुन्हा तयार करणे, दुबार फाईल बाजूला काढणे, एवढ्यानेच पुष्कळदा काम भागते.

चौथी पायरी लेखनिकाचे दोष तपासण्याची. अंश-कला आणि दशांश यांची गल्लत हा त्यांतील सर्वांत जुना दोष. १८ अंश ३० कला म्हणजे दशांशात १८.५, पण निष्काळजी नकलाकार १८.३० लिहितो आणि विमानतळ वीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकतो. फूट आणि मीटर यांची गल्लत झाली की धावपट्टी तिपटीहून लांब होते किंवा तिहाईहून आखूड. धावपट्टीची एकूण लांबी आणि उतरण्यास उपलब्ध असलेली लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही नकलेत निसटते.

पाचवी पायरी दुरुस्तीची आणि तिच्या नोंदीची. ही पायरी सर्वांत कमी पाळली जाते, आणि तिचे मोल कळण्यासाठी सिम्युलेटरमधून बाहेर, खऱ्या आकाशात यावे लागते.

२८ नोव्हेंबर १९७९ रोजी न्यूझीलंडहून अंटार्क्टिकाच्या दर्शनासाठी निघालेले एअर न्यूझीलंडचे डीसी-१० विमान माउंट एरेबस या ज्वालामुखी पर्वतावर आदळले. विमानातील सर्व २५७ जण मृत्युमुखी पडले. त्या मार्गाच्या संगणकीय नोंदीत शेवटच्या स्थानाचे रेखांश १६६ अंश ४८ कला असायला हवे होते, ते १९७८ पासून १६४ अंश ४८ कला असे होते. कंपनीच्या स्पष्टीकरणानुसार ही टंकनातील चूक होती. पण या ‘चुकीच्या’ पाठानुसार मार्ग पर्वताच्या पश्चिमेकडून, सपाट मॅकमर्डो सामुद्रधुनीवरून जात होता. वैमानिकांना माहिती देताना हाच मार्ग दाखवला गेला. उड्डाणाच्या आदल्या रात्री कप्तानाने घरी नकाशावर याच आकड्यांनी मार्ग रेखला. त्यानंतर काही तासांतच, पहाटे, संगणकातील आकडा दुरुस्त झाला आणि नवा मार्ग नेमका एरेबसवरून गेला. ही गोष्ट वैमानिकांना कोणी सांगितली नाही.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. ज्या दिवशी पाठ शुद्ध झाला, त्याच दिवशी माणसे मेली. चुकीचा आकडा वर्षभर निरुपद्रवी राहिला, कारण संगणकाची प्रत आणि वैमानिकांच्या मनातील प्रत एकमेकींशी जुळत होत्या. दुरुस्तीने एक प्रत बदलली, दुसरी तशीच राहिली. या अपघाताचे वाचनही दोन प्रकारे झाले हे लक्षणीय आहे. १९८० च्या अधिकृत तपास अहवालाने मुख्य दोष वैमानिकांना दिला, तर १९८१ साली न्यायमूर्ती पीटर माहोन यांच्या आयोगाने न कळवता केलेल्या त्या बदलाकडे बोट दाखवले.

दुसरे उदाहरण एका अक्षराचे. २० डिसेंबर १९९५ रोजी मायामीहून कोलंबियातील काली शहराकडे निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ च्या वैमानिकांनी ‘रोझो’ या दिशादर्शक केंद्रासाठी संगणकात ‘आर’ हे अक्षर दाबले. हातातील नकाशात रोझोची खूण ‘आर’ हीच होती. संगणकाच्या माहितीसंचात मात्र ‘आर’ हे अक्षर बोगोटाजवळच्या ‘रोमिओ’ या केंद्रासाठी राखलेले होते, आणि रोझो पूर्ण नावाने नोंदलेले होते. विमान रात्रीच्या अंधारात डोंगरांकडे वळले. १६३ पैकी १५९ जण गेले. अपघाताला इतरही कारणे होती. घाईने बदललेली उतरण्याची योजना हे त्यांतील महत्त्वाचे. पण नकाशा आणि संगणक हे एकाच आकाशाचे दोन ग्रंथ एका अक्षराचे दोन अर्थ सांगत होते, हे विसरता येत नाही.

आपल्या मुंबईतही प्रतींची गल्लत पुस्तकाबाहेर, उघड्या जमिनीवर झालेली आहे. जुहूची धावपट्टी आणि सांताक्रूझची धावपट्टी यांच्यात काही किलोमीटरांचेच अंतर. दोघींची दिशाही जवळजवळ एकच: आज एकीचा क्रमांक ०८, दुसरीचा ०९. १९५३ साली ब्रिटिश विमान कंपनीचे एक कॉमेट आणि १९७२ च्या सप्टेंबरमध्ये जपान एअरलाइन्सचे एक डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. जपानी विमान तर पट्टी ओलांडून पुढे गेले. दोन शब्दांचे रूप सारखे असले की लेखनिकाची नजर एकावरून दुसऱ्यावर घसरते. वैमानिकाच्या नजरेचेही तसेच झाले.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांनी केवळ पाठ सुधारले नाहीत. आपण हे काम कोणत्या वर्षी केले आणि काय केले, हे ग्रंथाच्या अखेरीस सांगून ठेवले, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये असेही बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वर स्वीकारलेला पाठ आणि खाली नाकारलेले पाठभेद अशी रचना केली. कारण वाचकाच्या हाती जुनी प्रत असू शकते, आणि दोन्ही प्रतींतील नाते त्याला कळले पाहिजे. ही विद्वानांची हौस आहे असे आपल्याला परीक्षेपुरते पाठ करताना वाटते. एरेबसची हकीगत वाचल्यावर तसे वाटू नये.

सिम्युलेटरमधील धावपट्टी दुरुस्त करणाऱ्यालाही हाच नियम लागू पडतो. आपण आजचे जग उडवणार की २००६ चे, हे आधी ठरवावे. आजचे हवे असेल तर विमानतळाची फाईल, चुंबकीय तक्ता आणि नियोजनाचा माहितीसंच हे तिन्ही आजचे करावेत. २००६ चे हवे असेल तर तिन्ही त्या काळाचे ठेवावेत. त्यात काही कमीपणा नाही, आणि ज्याला मेग्जवरून उडायचे आहे त्याला दुसरा मार्गही नाही. एकाच प्रतीत आकडा बदलून बाकीच्या तशाच ठेवू नयेत. मूळ फाईल जपावी. काय बदलले आणि केव्हा, हे एका ओळीत लिहून ठेवावे. पडद्यावरचे विमान चुकीच्या पट्टीवर उतरले तर कोणाचे काही बिघडत नाही, पुन्हा सुरुवात करता येते. पण जो हात येथे नोंद न करता खाडाखोड करायला सरावतो, तोच उद्या एखाद्या कचेरीत, संपादकाच्या मेजावर किंवा विमानाच्या संगणकापुढे बसलेला असू शकतो.